हातभर कठडा

शनिवारी आम्ही सहाजण जमतो,
हातोड्या, तारेचे ब्रश, थर्मासात कॉफी.
हॅमिल्टनच्या धक्क्याला सरोवर अजून अर्धं गोठलेलं,
आणि ही विनाशिका,
तोफांच्या तोंडांना कॅनव्हासची टोपडी.

गंज खरवडतो.
राखाडीखाली राखाडी, त्याखाली फिकट निळा,
मुर्मान्स्कच्या वाटेवरचा.
तेव्हा याच डेकवर रात्र रात्र कुऱ्हाडींनी बर्फ फोडायचे,
नाहीतर वजनानं कलंडली असती.
आवाज हाच असावा. ठक. ठक.

लॅकलन पर्व्हिस आला ब्याण्णवाव्या वर्षी
नातीचा दंड धरून, थेट मागच्या कठड्याशी.
"इथं उभा होतो.
पाण्यात आपलीच माणसं, खांद्यांवर लाल दिवे.
त्यांना वाटलं, आम्ही त्यांच्यासाठीच वळलोय.
एकानं तर हातही केला.
खाली पाणबुडी. थांबायचं नाही, हुकूम होता."

हातमोजा काढून कठडा चाचपत राहिला बराच वेळ.
मग म्हणाला, "रंग चांगला बसलाय."
कॉफी नको म्हणाला.

यंदा मे संपता संपता सगळं जहाज रंगवून झालं,
तेवढा हातभर कठडा सोडून.
कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.
तिथं आम्ही नुसतं तेल लावतो,
फडक्यानं नाही, हातानं.