समासातल्या खुणा

कशी वाटली, विचारलंस, मैत्रेयी.
खरं सांगू? पहिले दोन भाग
मी लाल पेन घेऊनच बसलो होतो.
रावपुऱ्यातल्या छापखान्यात एकतीस वर्षं
लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घावर डोळे घालवले,
सवय जात नाही.

तर आधी चुका.
यात कुणी अडखळलं की बरोब्बर
दुसऱ्याच्या मिठीतच पडतं.
माणसं इतकी नेमकी पडत नाहीत गं.
मी दांडिया बाजारात पडलो तो भेंडीच्या टोपलीत.
पोरं इंजिनिअरिंगची, आणि एकालाही एटीकेटी नाही.
खोलीचं भाडं कोण भरतं, पत्ता नाही.
नायकाची आई दोनदा दिसते,
दोन्ही वेळा सूप ढवळताना,
आणि ढवळता ढवळता सगळं मान्य करून टाकते.
(इथे समासात प्रश्नचिन्ह केलं होतं.
मग खोडलं. असेल एखादी.)
त्या पहिल्या मैत्रिणीला उगाच दुष्ट केलीय,
तिचा गुन्हा काय, तर तिलाही तो आवडला.
आठव्या भागातला गैरसमज एका फोनने मिटला असता,
म्हणून फोन पुलावरून पाण्यात पाडलाय.
आणि सगळे कसे नितळ,
भर उन्हाळ्यात कुणाला घामोळं नाही.

आता चौथा भाग.
वीज गेलीय, दोघं जिन्यात बसलेत.
एकजण संत्रं सोलतो, शिरा काढतो,
फोड दुसऱ्याच्या तळहातावर ठेवतो.
कॅमेरा हलत नाही.
पाच फोडी होईस्तोवर हलत नाही.
मग तो काहीतरी म्हणतो.
खाली इंग्रजीत नुसतं 'यू'.
आधीही यू होतं, नंतरही यूच.
पण मी ऐकलं. शब्द बदलला होता.
बँकॉकची भाषा मला ओ की ठो कळत नाही,
तरी बडोद्यात जन्मलेल्या माणसाला
'तमे'चं 'तुं' झालेलं
ऐकू येतंच.

किरीट आमच्याकडे जुळारी होता.
बोटं शिशाने काळी, नखांत कायम शाई.
मी मराठीत बोलायचो, तो गुजरातीत,
मध्ये कधी भाषांतर लागलं नाही.
सात वर्षं मी तुम्ही, तो तमे.
ब्याऐंशी साली दिवाळीआधीची रात्रपाळी,
सेव-उसळ खाऊन काळ्या घोड्याच्या पुलावर थांबलो.
खाली विश्वामित्रीत लाकडासारखं काही पडलेलं,
मगर असेल, किंवा लाकूडच.
त्याने कठड्यावर हात पुसला आणि विचारलं,
"तुं घेर जईश?"

मी म्हटलं, हो.

एवढंच.
फेब्रुवारीत त्याचं लग्न झालं.
पत्रिका आमच्याच छापखान्यात, मुद्रित माझ्याकडे आलं.
दोनदा वाचलं. एक काना इकडचा तिकडे नव्हता.
जुळवली त्यानेच होती.

असो. मालिकेचं बोलत होतो.
शेवटचा भाग ढिला आहे.
समुद्र, अंगठी, मावळता सूर्य,
त्यात मध्येच पात्रांच्याच तोंडून क्रीमची जाहिरात.
मी संपादक असतो तर अख्खं पान उडवलं असतं.
उडवलंही, मनातल्या मनात, तिरप्या रेघेनं.
मग बराच वेळ झोप लागेना.
आमच्यात एक खूण असते:
खोडलेल्या मजकुराखाली टिंबं द्यायची,
म्हणजे जुळाऱ्याने समजायचं
की चुकून खोडलंय, आहे तसं राहू द्या.
त्या समुद्राखाली मी टिंबं दिली आहेत.
अंगठीखालीही.
क्रीम मात्र काढाच.

दुसरा सीझन येतोय म्हणालीस.
त्यात एक घरमालक घालायला सांग,
आणि त्या मुलीला नीट काही काम.
आणि रविवारी आलीस की
हा टॅब चार्ज कसा करायचा ते परत दाखव.
काल ऐन जिन्यात बंद पडला,
तिसरी फोड व्हायची होती.