सात नाही, नऊ

सीताफळं दहालाच संपली.
जालन्याच्या शाळेची सहल आली होती, दोन बस,
मास्तरीणबाईंनी पाटीच्या पाटी उचलून घेतली.
रिकामी पाटी काय राखायची?
पाणीवाल्या जब्बारच्या गाड्याखाली सरकवली
आणि खिडकीत पंचवीस रुपये ठेवले.
तिकीटवाला हसला, मावशी, तुम्ही?
म्हटलं, फाड.

खुलताबादच्या घाटाखाली, या दारात
एकतीस वर्षं बसले.
महालाची पाठ पाहिली, गच्चीवरची वानरं पाहिली,
बाहेर येणाऱ्यांची तोंडं पाहिली.
आत काय असेल ते तोंडावरून ओळखायचे
आणि तसा भाव सांगायचे.

आत माझा माणूस होता.
सांडू गाईड. गळ्यात बिल्ला, हातात वेताची काडी,
भोवती पंधरा माणसं, मी मागून सोळावी.
घरी मीठ मागायचं तरी आधी खोकतो,
इथं त्याचा आवाज कमानीला लागून परत येत होता.
"सांभाळून, चौकट बुटकी आहे.
नवाबसुद्धा वाकून आत यायचा. का?
तर आत शक्करबेगम बसायची."

शक्करबेगम.
माझ्या आधीची दोन लेकरं गेली
म्हणून माझं नाव कडूबाई.

भिंतीवर निळ्या रंगाचे चार टवके.
तो म्हणाला, इथं मोर होता.
सगळ्यांना दिसला.
मलाही दिसला, खोटं कशाला बोलू.

मग बाग.
कारंज्याच्या तोट्या कोरड्या,
वाफ्यांत सरकारी गवत, हौदात गुटख्याच्या पुड्या.
त्यानं काडीनं हौदाचा काठ वाजवला.
"इथं बेगम रुसली.
तिची पाळलेली हरणी नवाबानं
न विचारता देऊन टाकली.
तिनं हस्तिदंताची फणी या पाण्यात फेकली
आणि सात दिवस तोंड उघडलं नाही.
ताट यायचं वेळेवर. शब्द नाही."

मी कठड्याला हात लावला.
हरणी नव्हती. शेळी होती, दोन महिन्यांची गाभण.
ह्याच बिल्ल्याच्या परीक्षेची फी भरायला विकली.
फणी प्लॅस्टिकची.
हौद नव्हता, रांजण होता, मोरीजवळचा.
आणि

"सात नाही, नऊ."

मीच बोलले होते.
पंधरा माना वळल्या. काडी हवेत राहिली.
इतक्या वर्षांत त्याला इथं कुणी टोकलं नसेल.
त्यानं बिल्ला सरळ केला, खोकला,
घरचाच खोकला,
आणि म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे.
एका जुन्या कागदात नऊच लिहिलंय."

चष्मेवाल्या पोरानं वहीत सात खोडून नऊ केलं.
शेजारची बाई हळूच म्हणाली,
तुम्ही कॉलेजात शिकवता का?
म्हटलं, फळं विकते.

"मग दहाव्या दिवशी बोलली काय?"
पोरगं काही सोडेना.
सांडूनं माझ्याकडे पाहिलं,
एकदाच, पाहुण्याकडे पाहावं तसं.
"ते," म्हणाला, "इतिहासाला ठाऊक नाही.
चला पुढं, ऊन वाढतंय."

ते गेले. मी हौदापाशी राहिले.
दहाव्या दिवशी मी म्हणाले होते,
रांजण घासायचाय, तिकडून धर.
त्यानं धरला होता.
दोघांनी उपडा केला, अंगणभर पाणी झालं,
फणी तळाशी, दोन दात मोडलेली.
पुढं शेवंताचं लग्न होईस्तो
तिच्या डोक्याला तीच होती.

बाहेर येऊन पाटी काढली.
जब्बार म्हणाला, काय आहे आत?
म्हटलं, मोर आहे. पंचवीस रुपये पडतात.

भिंतीपलीकडं पुढची तुकडी उभी होती.
हौदावर काडी वाजली.
"आणि बेगम नऊ दिवस…"
नवावर त्यानं जरा जोर दिला,
ऐकणारं कोण आहे, माहीत असल्यासारखा.