बसकण

तेगलवांगीत, जिथून ट्रक बंदराकडे वळतात,
त्या फाट्याच्या अलीकडे वार्सिनाचं छप्पर.
खुर्च्यांचे सांगाडे आढ्याला उलटे टांगलेले,
खाली बादलीत भिजणाऱ्या सालीच्या पट्ट्या.

कुणी काही आणलं की ती आधी
मोडकं टोक बघते.
पोकळ निघालं तर बांबू.
भरीव निघालं तर वेत.
नख नुसतंच घसरलं तर प्लॅस्टिक.
"याला तहान नाही," म्हणते, "मग मी काय बोलू याच्याशी?"

लोक विचारतात, ही वेताची की विणीची?
वेत हा जिन्नस, वीण हे काम.
कापड सुती की शिवलेलं,
असं विचारतं का कुणी?

रानात वेत काटेरी असतो.
दुसऱ्याच्या खांद्यात आकडे रोवत
उजेडाकडे चढत जातो, शंभर हात, दीडशे हात,
जन्मात स्वतःच्या पायावर उभा न राहिलेला.
त्याला ओढून काढायचा, सोलायचा,
गंधकाच्या धुरीत कोंडायचा
आणि मग आपला भार त्याच्यावर टाकायचा.
साल बसकणीला जाते: गुळगुळीत, रंग लावून न घेणारी.
गाभा विणीला: तो कुठलाही रंग पितो,
सांडलेली कॉफीसुद्धा.

प्रस्तोवो जकार्ताहून आला
टपावर खुर्ची बांधून.
चार वर्षं बाराव्या मजल्यावर, एसीच्या झोतात.
सांध्यांवरचे वेढे सुटलेले,
हातावर टेकलं की तडतडायची,
आणि बसकण मधोमध खोल गेलेली.

तिने टूथब्रशने विणीतली धूळ काढली.
सुटलेल्या कुसांवरून पेटती चूड
इतकी झरझर फिरवली की तो दचकला.
"एसीसमोर नको. उन्हात तर नकोच.
बुरशी धरली तर पाण्यात चमचाभर व्हिनेगर,
मग सावलीतला वारा.
तेल वर्षातून एकदा, तेही
तान्ह्याच्या टाळूवर जिरवाल तेवढंच.
आणि ओढायची नाही. उचलायची."

"आणि बसकण?"

"खालून ओलं फडकं, रात्रभर.
मग वाळली की ताणून येते, डफासारखी."

तो गप्प झाला.
मग खुर्चीकडे न बघता म्हणाला,
"तो खड्डा वडिलांचा आहे."

वार्सिनाने फडकं पिळलं होतं.
ते तिने पुन्हा खिळ्याला टांगलं.
"पाणी विचारत नाही कुणाचा ते," म्हणाली.
"तुम्हीच सांगा."

"आठवड्याने सांगतो."

तिने वेढे नवे घातले,
पट्टी अर्धा तास भिजवून,
दातात एक टोक धरून, आवळून.
बसकणीला हात लावला नाही.
आठवडा गेला. मग लेबारान आलं आणि गेलं.
खुर्ची दाराशी, सावलीत.
वाटेत येते म्हणून एकदा उचलली,
दुसऱ्यांदा उचलायचा कंटाळा आला
म्हणून ती तिच्यात बसली,
मांडीवर सुपात कांदे घेऊन.
मग रोजच दुपारी.
तिचा डावा खुबा दुखतो,
बसताना ती उजवीकडे कलते.

काल फोन आला.
आधी पावसापाण्याची चौकशी, पैशांबद्दल दिलगिरी,
मग हळूच,
"तो... आहे ना अजून?"

वार्सिना उठली.
फोन खांद्याशी दाबून गुडघ्यावर बसली,
बसकणीखाली तळवा घातला,
तव्यावरून हात फिरवून आच बघावी तसा.
अजून ऊब होती.

"आहे," ती म्हणाली.
मग कामात खोटं बोलायची सवय नसल्यामुळे,
"जरासा उजवीकडे सरकलाय."