पांढऱ्यावरचे ठिपके

जालन्याच्या जुन्या एमायडीसीत माझं शेड.
पाटीवर डेंटिंग-पेंटिंग.
पेंटिंगचा पहिला अनुस्वार वाऱ्यानं नेला,
कुणाच्या लक्षात येत नाही,
मलाच रोज दिसतो, नसलेला.

भानुदास उगले आले तेव्हा काखेत वही,
दोनशे पानी, पोरीची उरलेली,
कव्हरवर तिचंच नाव, इयत्ता दहावी ब.
गाडी पांढरी, चौदा महिन्यांची,
छोटी एसयूव्ही. उगले तिला जीप म्हणतात.

पान उघडून म्हणाले, बगा,
डाव्या दाराच्या फटीत लग्नाची एक पत्रिका जाते
आन् उजव्या दाराच्या, दोन.
पत्रिकाही दाखवल्या. धाकटीच्या लग्नातल्या,
छापल्या सहाशे, वाटल्या पाचशे चाळीस.
शोरूमवाला म्हणला, तेवढं चालतं.
"अठ्ठावीस वर्षं मिलच्या वजनकाट्यावर होतो मी.
एक किलो चालू दिलं न्हाई कुणाला.
मंग ह्यायलाच काऊन चालतं?"

मी काय बोलणार. गाडीभोवती फिरलो.
बंपर एका कानानं लोंबलेला,
आतली क्लिप तुटकी, बोटाएवढं प्लास्टिक.
डिकीचं रबर खाली सुटलेलं,
गाडी धुतली की स्टेपनी पोहते.
पुढच्या दिव्यात वाफ धरलेली,
चहा पिणाऱ्याच्या चष्म्यासारखी.
आणि छतावरची पट्टी, तिच्यासाठी वहीत दीड पान:
मंठा रोडला ऐंशीच्या पुढं शिट्टी वाजवते.
कौसाबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या,
वाजू द्या की, हॉर्नचं काम व्हतंय.

शेवटचं पान त्यांनी बायकोकडं पाठ करून दाखवलं.
एकच शब्द. गंज.
दवाखान्यात रिपोर्ट सांगतात तसा हळू आवाज.
बॉनेटवर, छतावर, आरशांच्या पाठीवर
बारीक केशरी ठिपके, राजगिऱ्याएवढे,
मोजलेले: बॉनेटवरचे दोनशे अकरा.
"आतून आलंय. पत्राच नासका दिलाय मला."

अश्फाकनं पाणी मारलं.
मी पॉलिशची निळी माती मळून घेतली,
पोळीच्या उंड्यासारखी, आणि बॉनेटवर फिरवली.
आधी खरखर, हाताला कळणारी.
मग कमी. मग काहीच नाही.
ठिपका गेला होता. खाली रंग शाबूत.
मातीच्या अंगावर मात्र तांबूस पुरळ.
अश्फाकनं फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं,
जवळ धरलं,
तशी बारीक कुसळं उभी राहिली.

"घर कुठंय तुमचं?"
"मिलच्या मागं. भट्टीच्या वाऱ्याला."
"मग हे आतलं नाही. वरनं पडलंय.
रात्री भट्टी फुंकते ना, ते बसतं ऊन पत्र्यावर."

उगले बराच वेळ मातीकडं बघत राहिले.
"म्हंजी मपलंच?"
पुन्हा म्हणाले, मपलंच.
मग एकदम, "किती भरंल?"

रंग मिसळायचा माझा काटा
पॉइंट एक ग्रॅमपर्यंत दाखवतो.
निळ्या मातीची वडी पाकिटावर शंभर ग्रॅम, काट्यावरही शंभर.
पूर्ण गाडी झाल्यावर कोरडी पुसून ठेवली.
उगल्यांनी काचेवर फुंकर बसू नये म्हणून
तोंडावर रुमाल धरला,
आकडा थांबेपर्यंत हलले नाहीत.
शंभर पॉइंट चार.
वहीत गंजच्या खाली लिहिलं:
आवक, पॉइंट चार ग्रॅम. तारीख. सही.
सही लांबलचक, खाली दोन टिंबं,
हजारो ट्रक ज्या सहीखालून गेले असतील ती.

क्लिप बदलली. रबर चिकटवलं.
दिव्याला भोकं असतात, ती मोकळी केली.
शिट्टी काढू नका, असं कौसाबाईंनी परस्पर सांगितलं,
मी काढली नाही.
दाराची बिजागरी सैल करून, गुडघा लावून,
अश्फाकला पलीकडून उचलायला लावून
उजवी फट आणली डावीजवळ.
आता एक पत्रिका जाते,
आणि दुसरीचा नुसता कोपरा, वधूच्या नावापर्यंत.

उगले वाकून बघत होते.
तेवढं चालतं, असं मी
म्हणालो नाही.