तीन वाजून दहा मिनिटं

संग्रहालयातली मुलगी विचारते,
धैर्यवानसाहेब घरी कसे होते?
तिला काय सांगू.
घरी ते रविवारी होते. तेही अर्धे.

बाकीचे कुलाब्याच्या वेधशाळेत,
तांब्याच्या खिळ्यांनी जोडलेल्या खोलीत,
रेशमाच्या धाग्याला टांगलेल्या सुईसमोर
श्वास आवरून बसलेले.
ठाकूरद्वारहून आई डबा घेऊन जायची.
फाटकावर पहारेकरी हात पुढे करी :
किल्ल्या, छत्री, अंबाड्यातले आकडे,
सगळं तिथे उतरवायचं.
पितळ चालतं, सोनं चालतं,
लोखंड आत न्यायचं नाही.
सुटलेला अंबाडा एका हाताने धरून
ती बदामाखाली उभी राही,
डबा तेवढा आत जाई.

माझ्या वहाणांना चुका होत्या,
म्हणून मी बाबांना नेहमी अनवाणी भेटले.

एकदा विचारलं, ती सुई काय दाखवते?
म्हणाले, उत्तर.
मग रोज काय बघता?
किती चुकते ते.
इतकं सलग ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत.

मुलगी नोंदवही उघडते.
ही रात्र, म्हणते, सगळ्यांना छळते.
एक, दोन, तीन : टाक कुठे अडखळलेला नाही
आणि तीन दहाला सुई एकदम पूर्वेकडे.
जगात कुठेही चुंबकी वादळ नाही त्या रात्री.
शेऱ्याच्या रकान्यात : कारण अज्ञात.
चारपासून अक्षर दुसऱ्याचं.
यावर दोन प्रबंध झालेत, आजी.

त्या रात्री गजू गेला.
विषमज्वर, एकविसावा दिवस.
आई व्हिक्टोरिया करून निघाली,
फाटकावर थांबली नाही.
कमरेला जुडगा : कपाटाची, कोठीची,
गजूच्या खेळण्यांच्या पेटीची,
अकरा किल्ल्या.
ती दारात उभी राहिली.
तिने तोंड उघडण्याआधी
त्यांनी सुईकडे पाहिलं असेल,
मग घड्याळाकडे, मग तिच्याकडे.
या क्रमाबद्दल ती जन्मात बोलली नाही.
मीच तो लावत बसते, कधी असा, कधी उलटा.

बाबा कागदावर खोटं लिहीत नसत.
हे एकदाच.
तिला जपायला, की तिला वगळायला,
तो रकाना फार अरुंद आहे, त्यावरून कळत नाही.

मुलगी पेन धरून थांबलीय.
काही आठवतं का, त्या तारखेचं?

जुडगा माझ्या उशीखाली असतो.
गंजलाय. दहाच राहिल्यात किल्ल्या,
पेटीची तेवढी नाही,
ती बाबा गेले तेव्हा
त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात सापडली होती.

चहा घेशील ना, मी म्हणते.