वापरात

नारीनहून बर्फातून ट्रक आला तेव्हा
चाळीस टॅबलेट आम्ही छातीशी धरून उतरवले,
आदल्या रात्री व्यायलेली कोकरं उतरवावीत तसे.
मग कपाट. कपाटाला दोन कुलपं.
एक किल्ली मुख्याध्यापक असाकेयेवांच्या कोटात,
दुसरी हिशेबनिसाकडे.
दोघे एका वेळी शाळेत असतील असा दिवस
त्या हिवाळ्यात उजाडलाच नाही.

त्यांचंही खरं होतं. नोंदवहीत लिहिलेलं:
फुटल्यास पगारातून.
आणि पगार म्हणजे दोन पोती पीठ, एक पोतं कोळसा,
उरलं तर लग्नाचा आहेर.

मी भूगोल शिकवते. बत्तीस वर्षं.
ज्या देशात नोकरीला लागले तो वर्षभरात उरला नाही,
पण माझ्या भिंतीवरच्या नकाशात अजून आहे,
गुलाबी, ऐसपैस.
नव्या सीमा मी निळ्या पेनने मारल्यात.
कुणी नवं काही आणलं की मी म्हणायचे,
माझं निळं पेन मला पुष्कळ.

मार्चमध्ये असाकेयेव निवृत्त झाले. बुरुलकान आली.
माझीच विद्यार्थिनी. अक्षर कोंबडीचे पाय,
आणि तास संपला तरी हात वर.
पहिल्याच दिवशी हिशेबनिसाला दंडाला धरून
तिनं कपाटापुढं उभं केलं.

शिक्षकांची बैठक. आम्ही भाषणाच्या तयारीनं बसलो,
म्हणजे विणकाम घेऊन.
ती सातवीच्या बाकात शिरली, गुडघे वर आले,
आणि ताइलाकला म्हणाली, तू शिकव.
ताइलाक! एकाच वर्गात दुसरं वर्ष.
आठाच्या पाढ्यात अठ्ठेचाळीसवर नेमका अडणारा.
तो माझ्या खांद्यामागून वाकला,
अंगाला घोड्याचा वास,
म्हणाला, एजे, दाबू नका, नुसतं टेकवा.
पीठ मळत नाही आहात तुम्ही.
सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा.

इंटरनेट इथं फक्त कबरस्तानाच्या टेकडीवर,
तेही वारा पडला तर.
म्हणून बुरुलकाननं एक छोटी पेटी आणवली,
तिच्या पोटात हजारभर पुस्तकं, नकाशे, चालती हृदयं,
बाहेरच्या जगाची गरज नाही.
वीज रात्रीच येते, म्हणून चार्जिंग बॉयलरच्या खोलीत,
ओमुर्झाक जागा राहून तारा बदलतो.
सकाळी टॅबलेटांना कोळशाचा वास.
बोटं काळी, पडदे काळे,
पण कुणी आता हातमोजे घालून शिवत नाही त्यांना.

मे महिन्यात नुर्झामालच्या हातून एक पडला.
आवाज फार मोठा नव्हता.
ती रडली, तोंड मिटून,
तिच्या आईचा पगार आम्हा सगळ्यांना ठाऊक.
मी तो तडकलेला टॅबलेट पदराआड धरावा तसा
शालीत धरून ऑफिसात गेले.
बुरुलकाननं नोंदवही उघडली. रकाना: स्थिती.
मी वाकून वाचलं.
‘फुटला’ नाही. ‘खराब’ नाही.
तिच्या त्या कोंबडीच्या पायांनी तिनं लिहिलं:
वापरात.
शिक्क्यावर हाऽऽ करून वाफ सोडली, आणि ठोकला.

जूनमध्ये तिचा पगार कमी आला.
तिनं सांगितलं नाही, हिशेबनिसानं सांगितलं,
इकडं तिकडं बघत. मी कुणाला बोलले नाही,
आता इथं लिहितेय तेवढंच.

तो टॅबलेट माझ्याकडे असतो.
तडा कझाकस्तानातून खाली उतरतो
आणि आमच्या गावाजवळ संपतो.
पोरं विचारतात, ही नदी कुठली?

परवा जिल्ह्याचा फॉर्म आला:
आपल्या शाळेत डिजिटल शिक्षण किती टक्के?
बुरुलकान पेन चावत माझ्याकडे बघत राहिली.
खिडकीतून टेकडी दिसत होती,
कबरींच्या मधोमध ताइलाक,
टॅबलेट डोक्यावर धरून वारा पडायची वाट बघत.
मी म्हटलं, आधी त्याला विचार,
आठी सक किती.