ऐकू नाही येऊन राहिलं

मे महिन्याचा दुसरा मंगळवार, बाहेर सेहेचाळीस.
मेडिकलच्या जुन्या सभागृहात बत्तीस माणसं,
दोन कूलर, वाळ्याचा ओला वास,
आणि तितरमारे सर. सोनेगावच्या टॉवरवर
एकतीस वर्षं विमानांशी बोलून निवृत्त झालेले.
आम्हाला वाटलं, हा विमानांचा माणूस
ऑपरेशन थिएटरला काय शिकवणार?

ते बोलू लागले, हळू,
कूलरच्या अगदी शेजारी उभं राहून.
ओठ हलताना दिसत होते.
किनखेडे सर मान डोलवत होते, म्हणून आम्हीही.
बिसेन मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलंसुद्धा.
मी तारीख लिहिली, तिच्याखाली रेघ मारली,
मग त्या रेघेवरून पुन्हा एक रेघ.

बारा मिनिटं. (घड्याळ त्यांनी नंतर दाखवलं.)

मागच्या दारापाशी चहाची ट्रॉली धरून
रेवाराम उइके उभा होता.
त्याचं नाव यादीतच नव्हतं.
तो म्हणाला,
"सर, ऐकू नाही येऊन राहिलं."

तितरमारे सरांनी दोन्ही कूलर बंद केले,
पाती थांबेपर्यंत थांबले.
"सकाळचा धडा संपला," म्हणाले, "चहा घ्या."

हसलो आम्ही. मग ते हसू घोटाबरोबर
खाली उतरेना.

दुपारी त्यांनी आमचा एक शब्द काढून घेतला.
आपल्याकडे 'हो जी'मध्ये सगळं मावतं:
ऐकलं, कळलं, पटलं,
नाही पटलं पण तुम्ही मोठे,
भ्यालो, भूक लागली, आवरा लवकर.
"मी उंची सांगितली आणि वैमानिक 'हो जी' म्हणाला,
तर मला रात्री झोप येईल का बाप्पा?
त्यानं आकडा परत म्हणायचा,
मी तो परत ऐकायचा.
चुकला तर तिथंच धरायचा."
मग खिडकीकडे पाहून, जरा स्वतःशीच:
"नागपूरवरून जाणारी कितीतरी विमानं
इथं उतरतच नाहीत. आत माणसं झोपलेली.
खाली कोण जागं आहे, त्यांना काय ठाऊक.
आपल्याशी दोन वाक्यं, आणि पुढे."

मला टेबलावर झोपलेले आठवत होते.
त्यातला एक विशेष. सहा वर्षं झाली.
कागदावर डावा गुडघा होता, मी वाचला होता.
सरांनी उजव्याला आयोडीन लावायला घेतलं
आणि मी म्हणाले,
नाही, मी काहीच म्हणाले नाही.
दुसऱ्या कुणीतरी फिल्म पाहिली, वेळेत.
तो माणूस आता वर्धा रोडला पंक्चर काढतो.
एकदा मुद्दाम गेले, स्कूटीत हवा भरायला.
त्याला सांगितलं काहीच नाही.
हवा पूर्ण होती.

शुक्रवारी आतड्याची केस, तीन तास.
सर पोट मिटायला सुई मागतात.
मी मोजते. पुन्हा मोजते.
घशात 'हो जी' तयार,
माहेराहून आलेलं, चाळीस वर्षं मुरलेलं.

"सर, एक गॉज कमी आहे."

मॉनिटरची टिकटिक.
मास्कच्या वर बिसेन मॅडमचे डोळे.
सर माझ्याकडे बघत नाहीत.
गेल्या आठवड्यात ओरडले असते,
उद्या ओरडतीलही, सांगता येत नाही.
"एक गॉज कमी आहे," ते म्हणतात.
शब्दाला शब्द.
"थांबतो. शोधा."

रेवाराम बादलीवर वाकतो, हातमोजे चढवून
एकेक उचलतो, पसरतो, मोजतो, मोठ्यानं,
जणू बाहेर मेडिकल चौकात ऐकू जायला हवं.
आणि त्याचा प्रत्येक आकडा
मी परत म्हणते.